उतावळीच्या काठचा मनाईचा फलक

श्रावणातला पहिला मोठा पाऊस होऊन गेला की बऱ्हाणपुरात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. तापीचे पाणी बघायला राजघाटावर गर्दी जमते, आणि आभाळ जरा उघडले की तरुण पोरे मोटारसायकली काढून डोंगराकडे पळतात. महल गुलारा तर आपल्या सर्वांचा माहितीचा. पण त्याच्याही पलीकडे, खकनार आणि नेपानगरच्या अंगाला, सातपुड्याच्या घळींतून पावसाळ्यापुरते जागे होणारे कितीतरी बिननावाचे धबधबे आणि डोह आहेत. त्यांची चित्रे हल्ली मोबाईलवरून घराघरांत पोहोचतात. वाट कुठून आहे, पाणी किती खोल आहे, वरच्या अंगाला पाऊस झाला तर पळायचे कुठे, हे त्या चित्रात नसते. मग एखाद्या रविवारी वाईट बातमी येते. सोमवारी मागणी होते की धबधबे बंद करा, फलक लावा, पोलीस बसवा. मंगळवारी सगळे विसरलेले असतात.

या मागणीला आपल्या समाजातूनही जोरदार पाठिंबा मिळतो, आणि तो देणारे आपलेच वडीलधारे असतात, म्हणून हा विषय अग्रलेखासाठी घेतला आहे. आमचे मत सरळ आहे. फलक लावून मुले वाचत नाहीत आणि धबधबेही वाचत नाहीत. ज्या गावांच्या शिवारातून हे पाणी येते त्या गावांच्या हाती त्याची राखण दिली पाहिजे, आणि आपण शहरातल्या लोकांनी त्यांच्या मागून पायी चालायला शिकले पाहिजे. हे बोलायला सोपे आणि करायला राजकारणाचे काम आहे.

आधी आपले गाव काय आहे ते आठवू. १७६० च्या उदगीरच्या विजयानंतर अशीरगड आणि बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले. त्यानंतर इथे येऊन रुजलेली घराणी आपल्यात आहेत, आणि त्याही आधी शेतीच्या, विणकामाच्या, देवस्थानाच्या निमित्ताने आलेलीही आहेत. इतिहास म्हटला की आपण मुमताज महलचे नाव घेतो. १६३१ मध्ये ती इथे वारली, तापीपलीकडे झैनाबादच्या आहूखान्यात तिला आधी पुरले, हे पाहुण्यांना सांगतो. पण या शहराचे खरे वैभव पाण्यात होते. जहांगिराच्या काळात, १६१५ मध्ये, खानखाना अब्दुर्रहीमने लालबागेकडची कुंडी भंडाऱ्याची योजना उभी केली. तेच आपले दोहेवाले रहीम. डोंगरात मुरलेले पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत निघते, त्याला वाटेत भुयारात अडवायचे आणि निव्वळ उतारावर शहरापर्यंत आणायचे, अशी ती रचना. भुयाराच्या डोक्यावर शंभराहून अधिक कुंड्या. ना मोट, ना पंप. २०२४ मध्ये हे स्थळ जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले तेव्हा पेढे वाटले गेले. यादीत गेले ते दगडचुन्याचे बांधकाम. त्यात येणारे पाणी मात्र डोंगरातल्या झाडाखालीच मुरते, हे त्या दिवशी कोणी बोलले नाही.

महल गुलारा हेही त्याच पाण्याचे दुसरे रूप. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर उतावळी नदीच्या दोन काठांना समोरासमोर दोन महाल, मध्ये नदीला आडवा दगडी बंधारा, आणि बंधाऱ्यावरून कोसळणारी पांढरी चादर. शहाजहानच्या काळचे हे काम. गुलारा नावाच्या गायिकेची दंतकथा सर्वांना ठाऊक आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही. आम्हाला त्या कथेपेक्षा नदीच्या नावात अधिक रस आहे. उतावळी! मराठी माणसाला या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. ज्या कोणी हे नाव ठेवले त्याने नदीचा स्वभाव ओळखून ठेवले. तासाभरात चढते, तासाभरात उतरते, कोणासाठी थांबत नाही. चारशे वर्षे टिकलेला हा धोक्याचा फलक आपल्याच भाषेत लिहिलेला आहे, आणि आपलीच मुले तो वाचत नाहीत.

सातपुड्याचे हे पाणी असे उतावळे का, तेही थोडे समजून घेतले पाहिजे. आपले जंगल आंबोलीसारखे किंवा केरळातल्यासारखे बारमाही ओले नाही. साग, सालई, अंजन, धावडा, तेंदू, मोह, पळस यांचे हे पानगळीचे रान. आठ महिने वाळलेले आणि चार महिने हिरवे. खाली काळा कातळ, म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. एक थर टणक, त्याखालचा सच्छिद्र आणि ठिसूळ. पाणी ठिसूळ थर आतून खात जाते, वरचा टणक थर छज्जासारखा पुढे राहतो, आणि त्या छज्जावरून धार पडते. म्हणून आपले धबधबे पायऱ्यापायऱ्यांचे असतात. आणि म्हणूनच धारेखालचा डोह वरून दिसतो तसा नसतो. काठावर गुडघाभर पाणी, दोन पावलांवर दोन पुरुष खोल, आणि कातळाच्या पोटात आतवर गेलेली कपार. धारेखाली पाणी पांढरे फेसाळ दिसते ना, त्यात हवा मिसळलेली असते; तिथे चांगला पोहणारा गडीही तरंगत नाही, खाली जातो. शेवाळलेल्या दगडावर चप्पल घसरते ते वेगळेच.

डोहाजवळ ऊन पडलेले असते आणि पाच कोसांवर माथ्यावर ढग फुटलेला असतो. त्या पाण्याला खाली यायला फार वेळ लागत नाही. १७ जुलै २०११ रोजी महूजवळच्या पाताळपाणीला इंदूरचे एक कुटुंब असेच प्रवाहाच्या मध्यात अडकले. एकमेकांना धरून उभी असलेली ती पाच माणसे दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने बघितली. दोघे वाचले, तिघे गेले. १५ ऑगस्ट २०१८ ला शिवपुरीकडच्या सुलतानगढ धबधब्यावर तेच झाले. कित्येक जण वाहून गेले, चाळीसहून अधिक लोक रात्री खडकावर अडकून पडले, आणि त्यांना काढताना जवळपासच्या गावकऱ्यांनी जीव धोक्यात घातला. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात पुण्याच्या एका कुटुंबातली पाच माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. त्यानंतर पुणे जिल्ह्यात मनाई हुकूम निघाले. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ ला, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चार जण गेले. तो पूल धोकादायक आहे असा फलक तिथे होताच.

फलकाचा उपयोग काय, तो यावरून दिसतो. त्याने साहेबांची जबाबदारी संपते.

सुलतानगढच्या घटनेत आम्हाला महत्त्वाचे वाटते ते गावकऱ्यांचे येणे. पाण्याची नस त्यांना माहीत होती. यंदा श्रावणात आपल्या मंडळींपैकी अठरा जण खकनारच्या अंगाला एका डोहापर्यंत पायी गेलो होतो. जागेचे नाव मुद्दाम देत नाही. दिले तर पुढच्या रविवारी तिथे दोनशे मोटारसायकली उभ्या असतील. वाट दाखवायला एक बारेला गृहस्थ होते, साठीच्या पुढचे, पायात टायरच्या चपला. आपल्या मंडळींनी त्यांना बाबा म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनीही ते मान्य केले. दीड तासाची चाल. सुरुवातीला सोयाबीनची शेते, मग मोहाची मोठी झाडे, मग सागाखालची चिखलवाट, आणि शेवटी ओढ्यातूनच दगडांवर पाय ठेवत. आपल्यातल्या दोन भगिनींना ही चाल जड जाईल असे वाटत होते. प्रत्यक्षात जड गेली ती कारखानदार मंडळींना.

डोहाशी पोहोचल्यावर बाबांनी पहिली गोष्ट काय केली असेल? पाण्याच्या कडेला एक काठी रोवली आणि तिच्यावर पाण्याच्या रेषेला गवताची पेंडी बांधली. पाणी त्या गवताला शिवले की सगळ्यांनी बाहेर यायचे, मग वर ऊन असो की चांदणे. परतीची वाट ज्या काठाने आहे त्याच काठावर बसायचे. पलीकडे कितीही छान सावली असली तरी ओलांडायचे नाही. पाण्यावर पाने आणि काड्या येऊ लागल्या, रंग चहासारखा झाला किंवा धारेचा आवाज जाड झाला, तर सामान तिथेच टाकून उंचावर जायचे. धारेखाली कोणी जायचे नाही. डोहाच्या शेपटीकडे, जिथे पाणी पसरट होते आणि तळची वाळू दिसते, तिथे मुलांनी हवे तेवढे डुंबावे. आणि कोणी बुडू लागला तर उडी घ्यायची नाही. दोर फेकायचा, दोर नसेल तर लुगडे फेकायचे. बुडणाऱ्याला वाचवायला गेलेलाही बुडतो, हे त्यांनी दोनदा सांगितले. एका तासात त्या माणसाने जे शिकवले ते आपल्या मुलांना कोणत्या शाळेत शिकवतात?

मुलांनी मनसोक्त पाणी खेळून घेतले. कळण्याची भाकरी, ठेचा आणि भरीत यांचा फडशा पडला. तीनच्या सुमारास गवताची पेंडी ओली झाली. पाऊस कुठेच नव्हता. आम्ही निघालो.

मग वाटेत बाबा जे बोलले ते या लेखाचे खरे कारण आहे. त्यांचे म्हणणे असे की पूर्वी हा ओढा इतका चिडका नव्हता. पोळ्यानंतरही होळीपर्यंत त्यात गुरांना पुरेल इतके पाणी असे. आता भाद्रपदात तो अंगावर येतो आणि दिवाळीनंतर दगड दाखवतो. कारण विचारायची गरज नव्हती, वरचा डोंगर समोरच दिसत होता. अर्धा हिरवा आणि अर्धा बोडका.

रानातली पाने कुजून जमिनीवर जो भुसभुशीत थर होतो, तो पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. मुळांच्या वाटेने पाणी कातळाच्या भेगांत उतरते. झाडे गेली की चार पावसांत तो थर वाहून जातो, मग उरतो उघडा उतार. त्यावर पडलेले पाणी थांबत नाही. पूर मोठा येतो आणि झरा लवकर आटतो. ऑगस्टमध्ये मुलाला ओढून नेणारे पाणी आणि नोव्हेंबरमध्ये विहिरीला न येणारे पाणी एकच आहे. हे जोपर्यंत आपल्या लक्षात येत नाही तोपर्यंत आपण एका हाताने धबधब्यावर पोलीस मागत राहू आणि दुसऱ्या हाताने नगरपालिकेकडे टँकर.

आपल्या जंगलाने कमी सोसलेले नाही. १९५६ मध्ये नेहरूंच्या हस्ते देशाला अर्पण झालेली नेपा मिल, भारतातला वर्तमानपत्री कागदाचा पहिला कारखाना, सालईच्या लाकडावर आणि बांबूवर उभी राहिली. देशातल्या कितीतरी वर्तमानपत्रांचा कागद आपल्या डोंगरातून गेला. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत तिच्या पगाराने चूल पेटली, त्यामुळे तिच्याविषयी वाकडे बोलणार नाही. पुढे ती रद्दीच्या लगद्याकडे वळली हेही सांगितले पाहिजे. पण २०२२ आणि २०२३ मध्ये नेपानगरच्या वनक्षेत्रात जी तोड झाली तिला असे कोणतेही कारण देता येणार नाही. शेकडोंच्या टोळ्या कुऱ्हाडी घेऊन उतरल्या, वनरक्षकांवर गोफणी चालल्या. एप्रिल २०२३ मध्ये तर पकडलेल्या आरोपींना सोडवायला जमावाने नेपानगरच्या पोलीस ठाण्यावरच हल्ला केला. शहरातल्या बैठकांत तेव्हा काय बोलले गेले? ‘हे आदिवासी जंगल खाऊन टाकणार.’

आपण मंडळींनी हे वाक्य फार सहज उच्चारले. वस्तुस्थिती अशी आहे की तोडीविरुद्ध महिनोन्महिने निवेदने देणारे आणि धरणे धरणारे लोक त्याच भागातले आदिवासी स्त्री-पुरुष होते. तोड करणारे बाहेरचे आहेत आणि त्यांना कोणाचा तरी आशीर्वाद आहे, असे ते उघड म्हणत होते. त्यांच्यातल्या एका कार्यकर्त्याला प्रशासनाने जिल्ह्याबाहेर काढले. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तो हुकूम रद्द केला आणि शासनाला पन्नास हजारांचा दंड ठोठावला. ही बातमी आपल्या किती घरांत वाचली गेली? मुंबईच्या पाट्यांवर आणि सीमाप्रश्नावर रात्र रात्र बोलणारे आपण, स्वतःच्या डोंगरात काय चालले आहे त्याबद्दल मुके का?

असो. केळीवाल्यांनी रागावू नये, पण तेही बोलले पाहिजे. खानदेशापासून बऱ्हाणपुरापर्यंतची केळी आपल्या लोकांची कमाई आणि अभिमान, आणि ती वर्षभर पाणी मागते. एक बोअर आटली की शेजारी दुसरी, आधीपेक्षा खोल. वरून मुरणे कमी झाले आणि खालून उपसणे वाढले, तर रहीमचे भुयार किती दिवस पुरणार? कुंड्यांत क्षाराचे थर साचून भुयार अरुंद झाल्याची तक्रार जुनीच आहे. ते खरवडून काढता येतील. पाणीच आले नाही तर काय खरवडणार?

आता पुढाऱ्यांकडे काय मागायचे ते. खकनारचा भाग पाचव्या अनुसूचीतला आहे. मध्य प्रदेशात पेसा कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाले, आणि गावाच्या पाण्याबाबत व वनोपजाबाबत ग्रामसभेला बोलण्याचा अधिकार त्यात आहे. वनहक्क कायदा २००६ चा. मग धबधब्याच्या वाटेवर ग्रामसभेने ठरवलेले, तिने नेमलेले, पगारी वाटाडे का असू नयेत? माणशी शुल्क घ्यावे, पावती द्यावी, दिवसाला ठरावीक माणसेच सोडावीत, दारू आणि प्लास्टिक वाटेच्या तोंडाशीच अडवावे. माथ्यावरच्या गावात पर्जन्यमापक बसवावा आणि तिथून खालच्या वाटाड्याला फोन जावा; याला फार मोठा खर्च येत नाही. पैसा गावात राहिला तर उभ्या सागाची राखण करणे गावाला परवडेल. एरवी वनखात्याचा एक शिपाई किती डोंगर फिरेल? आमदार-खासदार आपल्या हळदीकुंकवाला येतात, गणेशोत्सवात नारळ फोडतात, मराठीत दोन वाक्ये बोलून टाळ्या घेतात. पुढच्या वेळी नारळ हातात देण्याआधी हे तीन प्रश्न त्यांना विचारावेत: नेपानगरच्या तुटलेल्या रानात किती झाडे लावली आणि त्यातली किती जगली, तोडीमागच्या कोणत्या मोठ्या माणसावर खटला उभा राहिला, आणि वाटाड्यांचा ठराव घेऊन कोणत्या ग्रामसभेत गेलात.

आणि आपल्या घरातले एक काम आहे, ते कोणत्याही पुढाऱ्याकडे मागता येत नाही. एके काळी बऱ्हाणपुरातला मुलगा पाठीला सुका भोपळा बांधून नागझिरी घाटावर किंवा राजघाटावर पोहायला शिकत असे. काका ढकलून देत आणि आजोबा काठावरून शिव्या घालत. आता तापीचे पाणी तसे राहिले नाही आणि काकांना वेळ नाही. मुली तर त्या काळीही काठावरच राहिल्या. आज चाळिशीच्या आतल्या आपल्या किती जणांना पोहता येते याची मोजणी केली तर मान खाली घालावी लागेल. पोहता न येणारी मुले धबधब्यावर जाणार आणि आईबाप सरकारला फलक लावायला सांगणार, हा कुठला न्याय? येत्या उन्हाळ्यात मंडळातर्फे मुलामुलींना पोहणे शिकवायचे, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. जागेची आणि खर्चाची अडचण पुढे करून तो बाजूला ठेवला जाऊ नये, एवढीच विनंती. गणपतीच्या मंडपाला दरवर्षी जागाही मिळते आणि पैसेही.

कार्तिकातले आवळीभोजन गेली काही वर्षे आपण सभागृहात, कुंडीतल्या आवळ्याच्या फांदीखाली उरकतो. यंदा ते महल गुलाऱ्याला होईल. शेवटचा टप्पा पायी चालायचा आहे, तेव्हा बूट त्या हिशेबाने घालावेत. ज्यांना चालवणार नाही त्यांच्यासाठी बैलगाडीची सोय केली आहे. पत्रावळी पळसाच्या असतील. बंधाऱ्यावरून त्या दिवशी किती पाणी पडते आहे ते काठीने मोजून पुढच्या अंकात छापू, आणि त्यानंतर दर महिन्याला एक जण जाऊन पाहून येईल. धार ज्या दिवशी थांबेल त्या दिवसाची तारीख पहिल्या पानावर येईल, आणि अंकाची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात पोच घेऊन दिली जाईल. ज्यांच्या घरी महल गुलाऱ्याची जुनी छायाचित्रे असतील, मागे महिना-वर्ष लिहिलेली असेल तर फारच उत्तम, त्यांनी ती दोन दिवसांसाठी कार्यालयात आणून द्यावीत. कोणत्या सालच्या कोणत्या महिन्यात पाणी किती होते, ते त्यावरून लावता येईल.